आभाराआधीचं भाषण

"सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर..." एवढं म्हणेपर्यंत बायकोनं हातातली सुरी खाली ठेवली.

"अहो, घरात अध्यक्ष कोण आहे?"

"सराव करतोय."

"मग माझ्याकडे बघून करा. त्या कपाटाला काय कळतंय?"

पाणीपुरवठा कार्यालयातल्या या कारकुनाला सगळे आभारराव म्हणत, कारण गेली सव्वीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन त्यांच्याच गळ्यात पडत आलं होतं. लोक स्वागताला पुढच्या खुर्च्या पकडतात, श्रद्धांजलीला माना खाली घालतात, अध्यक्षीय भाषणाला डुलक्या काढतात. आभाराला मात्र उठतात. आभारराव माइकपर्यंत पोचायच्या आत अर्धं सभागृह चहाच्या टेबलाला भिडलेलं असे. पण माणूस भलता चिवट. खुर्च्या मांडणाऱ्यापासून फुलदाणी पुसणाऱ्या बाईपर्यंत ते एकालाही गाळत नसत. कुणी काय केलं, हे त्यांना तोंडपाठ असे. ऐकायला रिकाम्या खुर्च्या असत, आणि त्यांची कधी तक्रार नसे.

उद्याचं प्रकरण मात्र वेगळं होतं. पंपघरातला मिस्त्री एकतीस वर्षांनी निवृत्त होत होता. मुख्य भाषण कुणाचं ठेवायचं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मिस्त्री पंपघरात बोलावं तसा ओरडूनच म्हणाला होता, "याचं!" आणि बोट आभाररावांकडे. दोघांचे दुपारचे डबे इतकी वर्षं एकत्रच उघडत आले होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

"मला आभार सोडून काही येत नाही गं," आभारराव खुर्चीत बसत म्हणाले. "त्यातून मी उभा राहिलो की लोक उठतात. अंगवळणीच पडलंय त्यांच्या. उद्याही उठले तर? एकतीस वर्षं राबलेला माणूस लोकांच्या पाठी बघत घरी जायचा."

बायकोनं त्यांच्या हातातला कागद घेतला. "जन्म, शिक्षण, नोकरीत रुजू, स्वभाव मनमिळाऊ... हे भाषण आहे की अर्ज?"

"निरोपाच्या भाषणात असंच असतं."

"असेल. पण भाषण कुणाबद्दल आहे, एवढंच तुम्ही धरलंत. कुणासमोर आहे ते विसरलात. बसलेल्यांना त्यात स्वतःचं काही सापडलं नाही, तर ते चहाच शोधणार ना?"

आभाररावांनी कागद परत घेऊन त्याची कोरी बाजू वर केली. सव्वीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यानं कुणासाठी काय केलं ते सांगा. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि आभार हा शब्द चुकूनही काढू नका, नाहीतर गेलात कामातून."

मग दोघांनी मिळून मांडामांड केली. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, साहेबांची कुठे. "साहेबांना मधे घाला," बायको म्हणाली. "शेवटी घातलंत तर लोक तेवढंच लक्षात ठेवतील." या नादात गॅसवरची भाजी करपली, पण त्या दिवशी कुणी कुणाला बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. साहेबांनी नाव पुकारलं, "आता आपले आभारराव..." आणि खुर्च्या करकरल्या. मागच्या दोन रांगा सरळ उभ्याच राहिल्या. मीटर वाचणारा तर दारापर्यंत पोचला. पहिल्या रांगेत मिस्त्री कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्यानं मान वळवून मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

आभारराव माइकपाशी पोचले. पाठ केलेली सुरुवात पार पळाली.

"मीटरवाले, थांबा!" ते एकदम गरजले. "तुमच्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी पाणी आलं होतं की नव्हतं?"

मीटरवाला दारातच थबकला. "आलं होतं."

"पहाटे पंप बंद पडला होता. लग्नाला निघालेला हा माणूस तसाच छातीभर पाण्यात उतरला होता. लग्नाला का नाही आला, म्हणून तुम्ही महिनाभर रुसलात. अहो, त्याचे एकुलते एक चांगले कपडे भिजले होते!"

मीटरवाला परत आला आणि मिळाली त्या खुर्चीत बसला. उठलेले बाकीचेही हळूहळू टेकले.

मग आभारराव थांबतात कशाला? टायपिस्ट बाईंच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढेना, तेव्हा मिस्त्री तीन संध्याकाळी जिन्याखालच्या पंपाशी बसून होता, ते निघालं. नव्या नळाच्या उद्घाटनाला साहेबांनी ऐटीत तोटी फिरवली, तेव्हा भिंतीमागे घामाघूम होऊन खरा व्हॉल्व्ह कोण उघडत होता, तेही निघालं. सगळ्यांत आधी साहेबच हसले.

"पंपात कुठे खरखर आहे, हे हा कसा ओळखायचा माहीत आहे?" आभाररावांनी स्वतःच्या कानावर मूठ ठेवली. "स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला. एकतीस वर्षं. त्यात कान गेले. मी आत्ता काय बोलतोय, त्यातलं त्याला निम्मंही कळत नसेल. म्हणून तुम्ही ऐका. तुमच्या घरच्या पाण्यासाठी गेलेत ते कान."

सभागृहात कुणी हललं नाही. टायपिस्ट बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. आभारराव आणखी काही बोलणार होते, पण मिस्त्रीकडे बघून ते तसेच खाली उतरले. टाळ्या पडत राहिल्या. त्या दिवशी आभार साहेबांनी मानले, आणि तेही लोकांनी बसून ऐकले.

चहाला सगळे बाहेर गेले, तेव्हा मिस्त्री जागेवरच होता. आभारराव शेजारी जाऊन बसले.

"मला काही ऐकू आलं नाही रे," मिस्त्री नेहमीसारखा ओरडून म्हणाला. "पण कुणी गेलं नाही, ते बघितलं मी."

"हो. नाही गेलं कुणी."

"काय बोललास?"

"तुझ्याबद्दलच," आभारराव आवाज चढवून म्हणाले.

"तसं नाही. सगळं सांग. पहिल्यापासून. घाई नाही मला आता."

आभाररावांनी खुर्ची आणखी जवळ ओढली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं सुरुवात केली, "मीटरवाले, थांबा!"