थोडं अडखळतंय

१९८४ साली फ्रिस्को हे साधं गावच होतं. डॅलसची गर्दी अजून तिथवर पोचली नव्हती. त्या गावात मराठी माणूस म्हणाल तर एकटे जगन्नाथराव. पत्नी प्रतिमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी वीणा न्यू जर्सीत. ती दर रविवारी दहा मिनिटं फोन करायची, आणि त्यातली पाच हवापाण्यातच जायची.

ऑगस्टात ऑफिसने त्यांना साचलेली रजा घ्यायला लावली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे जगन्नाथराव आपल्या जुन्या पिकअप ट्रकच्या मागे लागले. इंजिनातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं, एवढंच. आतली गॅस्केट, म्हणजे दोन लोखंडी भागांमधली पातळ पट्टी, गेली होती. शहाण्या माणसाने ट्रक मेकॅनिककडे दिला असता. यांनी लायब्ररीतून पुस्तक आणलं, अर्धं इंजिन उघडलं, गॅस्केट बदलली आणि सगळं पुन्हा बसवलं. किल्ली फिरवली तर ट्रक खोकला, थरथरला आणि बंद पडला.

तो आवाज ऐकून कुंपणापलीकडचा अर्ल आला. रेल्वेतून रिटायर झालेला, तोही एकटाच. तीन वर्षांत दोघांचं बोलणं हात वर करण्यापलीकडे गेलं नव्हतं. सांगलीत जगन्नाथराव कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसले असते. इथे माणसाकडे जायला कारण लागतं, आणि ते त्यांना कधी सापडलं नव्हतं.

अर्ल सावकाश काम करणारा. रोज पाच वाजता यायचा आणि एकच गोष्ट तपासायचा. पहिल्या दिवशी प्लगच्या वायरी, दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरचे स्क्रू. आल्याचा चहा त्याने आधी हुंगला आणि मग दोन कप प्यायला. दुसऱ्या संध्याकाळी त्याने आपल्या बायकोच्या आजारपणाचं सांगितलं. जगन्नाथरावांनी कितीतरी महिन्यांनी प्रतिमाचं नाव मोठ्याने घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कार्बोरेटरच्या मागे एक रबरी नळी लोंबताना दिसली. जोडायची राहूनच गेली होती. ती बसवून त्यांनी किल्ली फिरवली. ट्रक एकदम शांत, एका लयीत चालू झाला. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण आता अर्ल कशाला येणार, असं मनात आलं. त्यांनी घड्याळात पाहिलं. पाचला थोडाच वेळ होता. त्यांनी नळी पुन्हा काढून ठेवली.

चोराच्या मनात चांदणं. अर्लचा हात मागच्या बाजूला वळला की जगन्नाथराव चहाचा कप पुढे करत. असे तीन दिवस निघाले. शनिवारी मात्र अर्लने न बघताच मागे हात घातला आणि नळी दाबून बसवली. इंजिन सुरळीत झालं. "झालं," तो म्हणाला. हात पुसले आणि चहा अर्धा टाकून गेला. जगन्नाथरावांना शरमेने वर बघवेना.

रविवारी वीणाने विचारलं, ट्रक कसा आहे. नीट चालतो, असं ते पुटपुटले. तिला वाटलं, लाइन खराब आहे.

सोमवारी पाच वाजता सवयीने त्यांनी दोन कपांचं आधण ठेवलं. चहा गाळल्यावर दुसऱ्या कपाचं काय करायचं ते सुचेना. ते खिडकीशी उभे राहिले. कुंपणापलीकडे अर्ल स्वतःच्या ट्रकचं बॉनेट उघडून उभा होता. तो ट्रक बिघडलेला त्यांनी तीन वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

दोन्ही कप घेऊन ते कुंपणाला वळसा घालून गेले आणि काय झालं, असं विचारलं.

अर्ल इंजिनाकडेच बघत राहिला. "थोडं अडखळतंय."

जगन्नाथरावांनी कान दिला. इंजिन घड्याळासारखं चाललं होतं. त्यांनी अर्लच्या हाताशी कप ठेवला आणि बाह्या वर केल्या.

"हो," ते म्हणाले. "आठवडा तरी लागेल."