आत्याच्या पाठीवरचं आभाळ

गुंजनने शेवटचा लाल खिळा असा ठोकला की प्लायवूड मागून चिरलं. बरं झालं! नाजूक काही करायचंच नव्हतं तिला.

नालवाडीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं होतं. गेलेल्या माणसाच्या खुणांमधून एक तारकासमूह मांडायचा. कोणी आजोबांच्या कोटाची बटणं लावली होती, कोणी आईच्या बांगड्यांचे तुकडे. अकरावीतल्या गुंजनने काळ्या फळीवर अख्खी जयवंताआत्या मांडली. पितळी खिळे म्हणजे तिच्या हातांवरचं गोंदण. पाठीवरचे लाल खिळे कशाचे, ते मात्र एकाच माणसाला सांगायचं होतं. आबाजींना, म्हणजे आत्याच्या वडिलांना.

आत्या विहिरीत पडली, असं तिचा नवरा प्रेमदास म्हणाला आणि आबाजींनी ते मानलं. शेवटची आंघोळ घालताना पाणी आणून देणाऱ्या गुंजनने तिची पाठ पाहिली होती. पण आईने तिथंच तिचं तोंड दाबलं. "चूप राह्य! आबाजी जीव देतीन." तेव्हापासून गुंजन गप्प होती. आता बस झालं!

आबाजी सेलूहून आले, ते नेमके प्रेमदासच्याच गाडीवर बसून. तरी गुंजन फळीजवळून हलली नाही.

"हे तुळस," आबाजी गोंदणावर बोट ठेवून म्हणाले. "गोंदताना लय रडली होती." मग नजर लाल खिळ्यांवर गेली आणि त्यांचा चेहराच खुलला. त्यांच्यासारख्या शेतकऱ्याला सप्तर्षी ठाऊक नाहीत, ठाऊक आहे ती म्हातारीची बाज. "अवं पोरी, हे तं बाज! हे चार पाय, अन् मांगं तीन चोर. रातच्याले वावरात जागलीले जाओ तं मीच दाखवत होतो तिले."

"बाज नाई, आबाजी." तिचा आवाज हॉलभर घुमला. "हे घाव हायेत. आत्याच्या पाठीत बैल टोचाच्या काठीची, तुतारीची आर खुपसली होती. मी पाह्यलं."

"काय बकून राह्यली वं!" प्रेमदासने तिची वेणी धरली आणि तोंड फळीवर आदळलं. एकदा, पुन्हा एकदा. खिळ्याने भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. गुंजनने त्याच्या मनगटात दात रोवले, तसा त्याने तिच्या पोटात गुडघा घातला. "तुह्या आत्याचीबी अशीच जीभ चालत होती! केली ना बंद!"



आबाजींनी फळीचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला घाव प्रेमदासच्या गुडघ्यावर बसला, हाड कडाडलं. तो कोसळला. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्यासाठी स्टँड डोक्यावर उगारला तेव्हा गुंजन रक्ताळल्या हातांनी आडवी आली.

"याले मारसान तं तुम्ही आत जासान, आबाजी! याले जाऊ द्या ना आत!"

आबाजींच्या हातून स्टँड खणकन पडला.

"जवाईबापू म्हणत होतो याले," ते पुटपुटले. मग एकदम गर्दीवर ओरडले, "धरा त्याले! पोलिसाले बोलवा!"

चार जण प्रेमदासच्या छातीवर बसले. आबाजींनी खांद्यावरचा दुपट्टा गुंजनच्या भुवईवर दाबला.

"ठाण्यातबी असंच बोलशीन? माह्या समोर?"

"बोलतो ना," ती रक्त थुंकत म्हणाली. "मोठ्यानं बोलतो!"