लोणच्याची बादली आणि बावन्न नंबरचा शर्ट

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. घाबरू नका, बादलीचं चरित्र छोटंच असतं. तिला शाळा नसते, लग्न नसतं, आणि बालपण तर मी काकड्यांखाली दबूनच काढलं.

माझा जन्म ओहायोतल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. त्याच आठवड्यात माझ्यात मिठाचं पाणी, शेपूचा पाला, लसूण आणि अख्ख्या काकड्या भरून वरून झाकण ठोकलं. आमच्याकडे यालाच लोणचं म्हणतात. तुमच्याकडचं लोणचं पानात डाव्या कोपऱ्यात गुपचूप बसतं. आमच्याकडचं हातात धरून कणसासारखं खातात.

काकड्या संपल्या आणि मला केटल फॉल्स गावच्या बेसबॉल मैदानामागे फेकून दिलं. तिथून मला उचललं हार्लन स्पायव्ही यांनी. हे आमच्या ‘केटल फॉल्स खेचरं’ या संघाचे मॅनेजर. त्यांनी मला धुतलं, पुन्हा धुतलं, मग हात टेकले आणि माझ्यात सरावाचे चेंडू भरले. शेपू-लसणाचा वास आजही गेलेला नाही. माझ्यातला चेंडू हातात घेतला की आमच्या पिचरना, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांना, आधी भूक लागते, मग नेम लागतो. पुढे कोणीतरी माझ्या झाकणावर स्पंजची गादी चिकटवली आणि मी बादलीची एकदम गादी झाले. घराण्यात आजवर कोणी इतकं वर पोहोचलेलं नाही.

आमचा संघ छोटा आहे. मोठा संघ दूर मोठ्या शहरात असतो, आणि आमच्यासारख्या गावागावांतले छोटे संघ त्याची ‘शेती’ म्हणवतात. या शेतीत एकही बैल नाही. पीक म्हणजे पोरं. ती इथे खेळतात, बसमध्ये झोपतात, शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव खातात आणि वरून बोलावणं येण्याची वाट बघतात. मोठ्या संघाची माणसं अधूनमधून येऊन पीक कसं आलंय ते बघतात. त्यांना पारखी म्हणतात.

पारखी लोक प्रत्येक कौशल्याला वीस ते ऐंशी गुण देतात. शून्य कोणाला नाही, शंभरही कोणाला नाही. असं का, ते पारख्यांनाही ठाऊक नाही. पन्नास म्हणजे मोठ्या संघात चालून जाईल इतपत बरा. साठ म्हणजे तिथल्याही बहुतेकांपेक्षा चांगला. ऐंशी मी ऐकले ते फक्त एकदा, आणि तेही आमच्याकडे न्याहारीला बिस्किटांवर घालतात त्या रश्श्याला.

दिवसा मी कुंपणाआडच्या जागेत असते. तिथे पिचर अंग गरम करतात आणि आळीपाळीने माझ्यावर बसतात. सामना संपला की मला मॅनेजरच्या खोलीत ठेवतात, कारण बाहेर ठेवलं तर गावची मुलं चेंडू पळवतात. त्या खोलीत खुर्ची एकच, ती स्पायव्हींची. त्यामुळे जो कोणी आत येतो तो माझ्यावर बसतो. ‘तू वर चाललास’ हेही माझ्यावर बसून ऐकायचं आणि ‘तू घरी चाललास’, म्हणजे संघातून नाव कापलं, हेही. पंचाईत अशी की स्पायव्हींना बातमी आणि चेहरा जुळवता येत नाही. वाईट बातमी देताना ते कसनुसं हसतात आणि चांगली देताना मयताला आल्यासारखे बसतात. म्हणून पोरं त्यांच्याकडे न बघता खाली माझ्याकडे बघतात. एवढा विश्वास फार थोड्या बादल्यांच्या वाट्याला येतो.

आता मुख्य गोष्ट.

त्या जुलैत आमच्याकडे दोन पिचर होते. पहिला बून टकेट. आर्कान्सॉचा. खांदे दरवाजाएवढे, पोट त्या दरवाजाला शोभेल असं. चार वर्षं इथेच होता, गावातल्या कुत्र्यांनाही नावाने ओळखायचा. दुसरा इसिद्रो बाएस, डोमिनिकन प्रजासत्ताकातला. काटकुळा, पण चेंडू असा फेकायचा की तो पकडणारा कॅचर आधी देवाचं नाव घ्यायचा. दोघं एकाच तळघरात भाड्याने राहायचे आणि एकाच तव्यावर केळी आणि अंडी तळायचे.

“लेका, तुझ्या घामालासुद्धा अंड्याचा वास येतो,” इसिद्रो म्हणायचा.

“तुझं बरंय, तुला घाम सुटायला अंगच नाही,” बून म्हणायचा.

शुक्रवारी दोन नवी पोरं येणार होती. त्यांच्यासाठी दोन जागा हव्या होत्या. वरून निरोप आला: या दोघांतला एक वर जाईल, एक घरी. कोण कुठे, ते पारखी ठरवणार. बुधवारी दुपारच्या सामन्याला पारखी आल्या त्या पेग डालक्विस्ट. उन्हाने रापलेल्या, तुटक बोलणाऱ्या बाई. आमच्या पोरांना त्यांनी याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

आणि त्याच बुधवारी आमच्या मैदानावर ‘खारी काकडी दिवस’ होता.

असे दिवस आमच्याकडे तिकिटं खपावीत म्हणून असतात. त्या दिवशी संघाचं नावच बदलतं. आम्ही खेचरं नव्हतो, काकड्या होतो. सगळ्यांना हिरवे शर्ट. निवेदकही खेळाडूंची नावं न घेता ‘आता येत आहे खारी काकडी क्रमांक अमुक’ असं म्हणणार. खरं सांगते, त्या दिवशी माझी मान ताठ होती. इतक्या वर्षांत गावाने पहिल्यांदाच माझ्या माहेरचा सण साजरा केला होता.

शर्ट मात्र घाईत शिवून आले होते. बूनचा नंबर बावन्न, आणि बावन्नचा शर्ट आला दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. बूनने डोकं आत घातलं आणि तिथेच अडकला.

“ओढ!” तो आतून ओरडला.

“कुठल्या बाजूने?” इसिद्रोने विचारलं. त्याचा एकोणतिसाचा शर्ट तंबूएवढा आला होता. दोघांनी मुकाट्याने अदलाबदल केली. कोणाला सांगायचं? पिचिंगचा कोच मुलीच्या लग्नाला गेला होता. स्पायव्हींना नऊपैकी चौथ्याच डावात पंचाने हाकललं, कारण त्यांनी पंचाला लोणचं देऊ केलं आणि हे डोळ्यांना चांगलं असतं असंही सांगितलं. ते खोलीत जाऊन बसले. त्या खोलीला खिडकी नाही.

आठव्या डावात काकडी क्रमांक बावन्न मैदानात उतरली. म्हणजे इसिद्रो. तीन फलंदाज आले आणि बॅटला चेंडू न लावताच परत गेले. पेगबाई आमच्या कुंपणामागेच उभ्या होत्या. त्यांनी हातातला संघाचा कागद बघितला. बावन्न, टकेट, वजन एकशे दहा किलो. मग त्यांनी काटकुळ्या इसिद्रोकडे बघितलं.

“पोराने वजन बरंच उतरवलंय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मेहनती दिसतो.”

हसू नका, मित्रांनो. बेसबॉलमध्ये कागदावरचं वजन कधीच खरं नसतं. सोळाव्या वर्षी लिहिलेला आकडा चाळिशीपर्यंत तसाच राहतो. जाणत्या पारख्याने त्याकडे दुर्लक्ष करायचं असतं. पेगबाई जाणत्या होत्या, म्हणूनच फसल्या. एखादा अडाणी असता तर लगेच म्हणाला असता, हा तो नव्हे.

सामना संपताच शर्टांचा लिलाव झाला, अंगावरून उतरवून. बावन्नचा शर्ट गावच्या दंतवैद्याने आपल्या कुत्र्यासाठी घेतला. कुत्र्याला तो अगदी बेताचा बसला.

मला खोलीत आणून ठेवलं. पेगबाई येऊन माझ्यावर बसल्या.

“बावन्न,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी वर पाठवा.”

“टकेट?” स्पायव्ही डोक्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. “नक्की?”

“एवढी खात्री मला लग्नाच्या वेळी नवऱ्याचीही नव्हती.”

“आणि दुसरा?”

“एकोणतीस तर खेळलाच नाही. आणि जे चालणं बघितलं, ते काही पिचरचं नव्हतं.” बाई उठून गाडीकडे गेल्या.

स्पायव्हींनी बूनला बोलावलं. तो माझ्यावर बसला आणि माझं झाकण नेहमीप्रमाणे कण्हलं. स्पायव्हींनी मयताचा चेहरा केला. बूनने तो बघितला आणि त्याचे खांदे ताठ झाले. चार वर्षांत त्याला तो चेहरा पाठ झाला होता.

“तू वर चाललास.”

बूनने टोपी काढली. मग हळूच म्हणाला, “का?”

“का म्हणजे? तिघांना बाद केलंस म्हणे आठव्या डावात. मी नव्हतो. त्या आंधळ्याने मला हाकललं ना!”

बूनचे हात माझ्या कडेवर होते. त्यांनी कड घट्ट धरली.

“आणि इसिद्रो?”

“त्याचं उद्या दुपारचं विमान. अजून सांगितलं नाही त्याला. बाहेर पोरांना सह्या देतोय.” स्पायव्ही कसनुसं हसले. “तू आईला फोन कर की! तीन वेळा विचारलंय माझ्याकडे तिने तुझ्याबद्दल.”

बूनने फोन लावला.

“आई... जेवलीस का?” तो म्हणाला. पलीकडून एवढा मोठा आवाज आला की मलासुद्धा ऐकू आला: “दुपारचे साडेचार वाजलेत, बून! कुठलं जेवण? काय झालंय? बरा आहेस ना?”

“बरा आहे. सहज केला,” म्हणून त्याने फोन ठेवला.

मित्रांनो, पिचर म्हणून कोणाला किती गुण ते मला कळत नाही. पण माझ्यावर बसलेल्या माणसाचं वजन मला कळतं. त्या पाच मिनिटांत बून जेवढा जड झाला, तेवढा तो चार वर्षांतली सगळी अंडी खाऊनही झाला नव्हता. शर्ट कुत्र्याच्या अंगावर होता. निवेदकाने नाव घेतलं नव्हतं. इसिद्रोलाही कळलं नसतं की आपण काय कमावलं होतं. बूनने फक्त ‘थँक्यू’ म्हणायचं होतं.

“हार्लन,” तो म्हणाला, “तो बावन्न मी नव्हतो.”

स्पायव्हींच्या डोक्यावरची बर्फाची पिशवी माझ्या शेजारी पडली. बूनने सगळं सांगितलं. स्पायव्ही उठले. “बादली घे, चेंडू लागतील,” एवढंच म्हणाले आणि पळत सुटले. बूनने मला काखोटीला मारलं आणि तोही पळाला. मी आयुष्यात पहिल्यांदाच धावत होते.

पेगबाई गाडीत बसून फुकट मिळालेलं लोणचं खात होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बूनला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कागदावरचं वजन बघितलं.

“हे तर बरोबर लिहिलंय,” त्या थक्क होऊन म्हणाल्या. मग गाडीतून उतरल्या. “गुण वाढवून मागायला लोक माझ्या लग्नाच्या मांडवात आलेत. परत करायला कोणी आलं नव्हतं. हार्लन, त्या बारक्याला बोलवा. वर तोच जाईल, ते ठरलं.” मग बूनला म्हणाल्या, “आणि तू. आलायस तर टाक.”

“मॅडम, दयेने नको.”

“दया? मी माझी चूक निस्तरतेय. तुला मी बघितलंच नाही. न बघता गुण दिले तर मला काय म्हणायचं, ज्योतिषी?”

कुंपणाआडच्या जागेत बाई माझ्यावर बसल्या. कॅचर घरी गेला होता, म्हणून इसिद्रोच हातमोजा चढवून उकिडवा बसला. काय चाललंय ते त्याला धड कळलं नव्हतं.

“चेहरे का असे? कोण मेलंय?”

“तू वर चाललास. गप बस आणि पकड,” बून म्हणाला.

इसिद्रोचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात पहिला चेंडू आला.

“पस्तीस,” बाई म्हणाल्या. पुढचा वळणारा. “चाळीस. तेही उदार मनाने.” स्पायव्ही हसायला लागले, म्हणजे परिस्थिती फार वाईट होती.

मग बूनने हात तसाच जोरात फिरवला आणि चेंडू निघाला तो मात्र सुस्त, रविवारच्या दुपारसारखा. इसिद्रोचा हातमोजा केव्हाच मिटला होता. चेंडू त्याच्या पुढ्यात थबकल्यासारखा झाला आणि त्याच्या गुडघ्यावर आपटला. इसिद्रो कोसळून हसायला लागला.

“हरामखोर! एका खोलीत राहून हा मला कधी दाखवला नाहीस!”

“तू कधी विचारलंस?”

बाई हसल्या नाहीत. त्या माझ्यावर पुढे सरकल्या.

“पुन्हा टाक.”

त्याने टाकला. इसिद्रो या वेळी तयार होता, आणि तरीही चुकला.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा बाईंनी श्वास सोडला तो मला झाकणातून जाणवला. “साठ,” त्या म्हणाल्या.

स्पायव्हींचा चेहरा एकदम मयताचा झाला. मग स्पायव्हींनी विचारलं, “पण बाई, शुक्रवारी पोरं येताहेत. जागा नाही.”

“वर नाही, हे खरं. पण साठ गुण घरी पाठवले तर माझे मालक मला घरी पाठवतील. फ्लोरिडातल्या सरावाच्या छावणीत पाठवा याला. बाकीचे दोन चेंडू शिकू दे. आणि ती अंडी कमी करा.”

“अंडी तो तळतो,” बून म्हणाला. त्याने इकडेतिकडे पडलेले चेंडू गोळा करून माझ्यात टाकले. मग पुन्हा फोन लावला. “आई,” तो म्हणाला, “आता सांगतो,” आणि पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण पलीकडे कोणीतरी रडायला लागलं होतं.

शुक्रवारी नवी पोरं आली. त्यातलं एक माझ्यावर बसलं तेव्हा सारखं चुळबुळत होतं. मी तसूभरही हलले नाही. माझ्या पाठीत आता चीर गेली आहे, पण ज्या झाकणावर बसून एका माणसाने आपली आयुष्यभराची आस स्वतःहून परत केली, ते झाकण डगमगलं तर शोभेल का?

मित्रांनो, तुमच्याही वर्गात, गल्लीत, घरात कोणीतरी वेगळाच शर्ट घालून उभा असतो. त्याला पाठीवरच्या आकड्यावरून जोखू नका. समोर बसा. त्याचा पहिला चेंडू फसला तर फसू द्या, दुसराही फसू द्या. बादली भरलेली ठेवा, आणि म्हणा, पुन्हा टाक.