शेवटच्या प्रकरणावरच्या सह्या

बेबी वैतागली होती, आणि तेही आजकाल नाही, चांगली नऊ वर्षं. सदतीस वर्षांच्या बाईला घरात अजून बेबी म्हणतात, यावर चिडणं तिने कधीच सोडून दिलं होतं. आता सगळा वैताग एका पुस्तकावर जमा झाला होता.

पुस्तक तिच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, आणि शेजारच्या काकांचं. दोघंही कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. अण्णांकडे पूर्वेचं तत्त्वज्ञान, काकांकडे पश्चिमेचं, आणि दोन्हींत फरक काय ते जगाला एकदाचं समजावून सांगायचा विडा दोघांनी उचललेला. टायपिंग बेबीकडे, कारण ती घरातच असते. घरातच का असते, तर टायपिंग असतं म्हणून. आता बोला!

पद्धत अशी की दोघांनी आपापला भाग हाताने लिहायचा, बेबीने टाइप करून छापून द्यायचा, आणि ज्याचा त्याने तांबड्या पेन्सिलीने तपासायचा. एकाने दुसऱ्याचं अक्षरही वाचायचं नाही. विचारांवर सावली पडते म्हणे. म्हणजे नऊ वर्षं दोघं फरकावर लिहीत होते आणि समोरचा काय लिहितोय ते एकालाही ठाऊक नव्हतं. बेबीने हे एकदा बोलून दाखवलं, तर तिने चहात मीठ घातल्यासारखे दोघं तिच्याकडे बघत राहिले.

बरं, तपासणं तरी एकदाचं संपावं! दुरुस्त केलेलं पान पुन्हा दुरुस्तीला यायचं, ये रे माझ्या मागल्या. शेवटी बेबीने हट्टाने एक नियम करून घेतला. पानाखाली ‘अंतिम’ लिहून सही केली की त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलणार नाही. अण्णांनीच तो सुरेख अक्षरात लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

आणि आता बेबीला दुसऱ्या गावच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. अशा दोन नोकऱ्या याआधी या पुस्तकापायी हातच्या गेल्या होत्या. तिसरी गेली तर या वयात चौथी कोणी देणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. अण्णांनी शब्द दिला होता, शेवटच्या प्रकरणावर सह्या झाल्या की तू मोकळी.

शेवटच्या प्रकरणाचं नाव ‘मी म्हणजे कोण?’. दोघांची आठ-आठ पानं. शनिवारी सकाळी दोघांनी ती तपासली आणि नवलच झालं, तांबडी खूण एकही नाही. इतकं चांगलं मी जन्मात लिहिलं नव्हतं, असं अण्णा म्हणाले. काका तर शेवटच्या पानावर डोळे पुसायला लागले. सोळाच्या सोळा सह्या झाल्या. बेबीने माळ्यावरून बॅग काढली.

दुपारी हाताने लिहिलेले कागद बांधून ठेवताना मात्र तिला आपली चूक दिसली. घाईघाईत तिने मथळ्यावरची नावं उलटी टाकली होती. अण्णांनी सह्या केल्या होत्या काकांच्या पानांवर, आणि काकांनी डोळे पुसले होते अण्णांच्या लिखाणावर.

गप्प बसावं असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण चुका शोधायच्या नोकरीला निघालेल्या बाईने पहिली चूक स्वतःचीच गिळायची, हे काही तिला पटेना. तिने दोघांना बोलावून सांगून टाकलं.

दोघं चष्मे लावून कागद ताडून पाहत बसले. आता कोणीतरी हसेल, निदान एक जण म्हणेल की अरे, मग फरक राहिला कुठे? छे, हसण्याचं नाव नको. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही बेबीच्या निष्काळजीपणावर. फरक चांगला ठसठशीत करून प्रकरण नव्याने लिहायचं ठरलं. सहाच महिने लागतील, छापखान्याला दोन ओळी कळवून टाक, असं अण्णा म्हणाले. माणसाच्या स्वातंत्र्यावर उभा जन्म व्याख्यानं दिलेले काका म्हणाले की मुलीने बापाजवळ राहावं, हेच खरं. आणि सगळं सोडून देण्यावर चारशे पानं लिहिलेले अण्णा बॅगेवर हात ठेवून उभे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बेबीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने अण्णांच्या सहीचं सातवं पान उचललं आणि वाचलं.

“‘दुसऱ्याने माझ्यासाठी ठरवलेलं आयुष्य कितीही मायेने ठरवलेलं असो, ते मी जगलो असं होत नाही.’ खाली सही कुणाची आहे, अण्णा?”

“लिहिलंय त्याने,” अण्णा काकांकडे बघत म्हणाले.

“सही तुमची आहे.”

काका मध्ये पडायला गेले. तिने त्यांच्या सहीचं पान त्यांच्यापुढे धरलं. जे घट्ट धरून ठेवतो ते आपलं राहत नाही, असं तिथे अण्णांनी लिहिलेलं होतं. काका खाली बसले.

अण्णा भिंतीवरच्या नियमाकडे बघत राहिले. अक्षर त्यांचंच होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. मग त्यांनी बॅगेवरचा हात काढला.

“सोमवारी किती वाजता पोचायचंय?”

“दहाला.”

“मग उद्याच निघ,” अण्णा चिडूनच म्हणाले. “आणि ती आठ पानं इथे ठेवून जा. पुन्हा वाचायचीत मला. या वेळी त्याची म्हणून.”