वायरमनचं कुलूप

वादळाची बातमी रेडिओने सोमवारी दिली, पण वायरमनच्या घरात तयारी त्याच्या चार दिवस आधीच सुरू झाली होती. पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेल्या माणसाला वाऱ्याची चाहूल तारांमधून लागते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत लहानथोर त्याला वायरमनच म्हणत. सकाळी उठला की तो आधी खांबाकडे बघायचा, मग चहाकडे.

खिडक्यांच्या काचांवर त्याने चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. छपरावरची पाण्याची टाकी दोराने चारही बाजूंनी आवळली. पिंपं, बादल्या, कळशा, इतकंच काय जुना टबसुद्धा भरून ठेवला. मेणबत्त्या, काडेपेट्या, टॉर्चचे सेल सगळं एका डब्यात घालून त्याला प्लास्टिक गुंडाळलं.

"लग्नाच्या वेळी एवढी तयारी केली असतीत," खाटेवरून बायको म्हणाली, "तर दोन तास उशिरा आला नसतात."

"तेव्हा कुठं माहीत होतं, वादळ घरी आणतोय ते!"

ती हसली आणि लगेच थांबली. हसायलाही श्वास लागतो. तिची फुप्फुसं दोन वर्षांपूर्वी थकली होती. खाटेशेजारी एक मशीन रात्रंदिवस गुरगुरत असे. ते खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढी आणि नळीतून तिच्या नाकाशी पोचवी. ते विजेवर चालायचं. बाकी सारी तयारी जगासारखी होती. या घराची खरी तयारी त्या मशीनसाठी होती.

पूर्वी ती देवाचं गाणं म्हणायला बसली की शेजारीपाजारी खिडक्या उघडायचे. आता एका श्वासात एकच नाव मावायचं. "एक पुरतं त्याला," ती म्हणायची. "तो काय शाळामास्तर आहे, पूर्ण पाठ म्हणून घ्यायला?"

"बाबा, लाईट किती दिवस जाईल?" सुनेने विचारलं. मुलगा नोकरीनिमित्त लांब होता. सासूचं सगळं तीच बघायची.

"पाच दिवस," वायरमन बोटांवर मोजत म्हणाला. "पहिला झाडं तोडण्यात. दुसरा खांब उभे करण्यात. तिसरा-चौथा तारा ओढण्यात. आणि पाचवा, साहेबांनी येऊन बटण दाबण्यात."

म्हणून तयारी पाच दिवसांची. समोरच्या बेकरीवाल्याकडे दोन जनरेटर होते, त्यातला लहान त्याने स्वतः ढकलत आणून दिला. "वहिनींच्या श्वासापुढं माझे पाव काय, एक दिवस फुगले नाहीत तर नाही फुगले." शिवाय प्राणवायूचे दोन सिलिंडर, एक मोठा आणि एक लहान, भरून भिंतीला बांधून ठेवले. पेट्रोलचे तीन डबे मागच्या पडवीत ठेवले.

जनरेटरची वायर घराच्या बोर्डाला जोडण्याआधी वायरमनने बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. मग कामावरची जुनी पिशवी काढून त्यातलं पितळी कुलूप मेन स्विचच्या पेटीला घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"कुलूप कशाला? स्विच काय पळून जातोय?" बेकरीवाला म्हणाला.

"कुणाचा हात लागून हा वर झाला, तर जनरेटरचा करंट उलटा तारांत जाईल. आणि तिकडं खांबावर कुणाचा तरी पोरगा चढलेला असेल."

खिडकीतून ऐकणाऱ्या बायकोने खाटेवरून मान हलवली. तिला हे सांगावं लागत नव्हतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी वायरमनच्या कामावरच्या जोडीदाराचं असंच झालं होतं. तो वर तारेवर असताना खाली कुणीतरी घाईने त्याचं कुलूप तोडून करंट सोडला, आणि तो वरच गेला. त्या जोडीदाराच्या बायकोला सोबत म्हणून ही महिनाभर तिच्या घरी झोपायला गेली होती. तेव्हापासून या घरात एक वाक्य देवाच्या नावाइतकं पक्कं झालं: ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

मंगळवारी रात्री वादळ आलं आणि बुधवारी सकाळी गेलं. टाकी टिकली, काचा टिकल्या. मागच्या पडवीचं छप्पर मात्र उडालं आणि पेट्रोलच्या दोन डब्यांत पावसाचं पाणी शिरलं. उरलेल्या एका डब्यावर जनरेटर गुरुवारी रात्रीपर्यंत चालला; बेकरीवाल्याचा मोठा तर त्याआधीच कोरडा पडला होता. पेट्रोल पंपावर पेट्रोल होतं, पण जमिनीखालच्या टाकीतून ते वर ओढायला वीज नव्हती.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा पहिला सिलिंडर संपत आला होता. दुपारी बाराला दुसरा, लहान, लावला. वायरमनने काट्यावर नजर ठेवून मनाशी गणित मांडलं. "साडेपाचपर्यंत जाईल. मी चारला परत येतो."

सिलिंडर भरून देणारं गोदाम तासाभराच्या वाटेवर होतं. रस्त्यात झाडं आडवी पडली होती, गाडी जाणं शक्य नव्हतं. बेकरीवाल्याची हातगाडी घेऊन तो निघाला.

"अहो," बायकोने हाक मारली.

"काय गं?"

"छत्री."

आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. तो हसला, पण छत्री घेतली. तिचं ऐकायचं एवढं एकच काम उरलंय, असं त्याला अलीकडे वाटायचं.

गोदामासमोर मोठी रांग होती. त्याच्यामागे एक बाई उभी होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाई कसली, त्याच्या सुनेच्याच वयाची. तिचा बाप घरी तिच्या म्हाताऱ्या आत्याच्या भरवशावर होता. "ओढ्यापलीकडं राहतो आम्ही," ती म्हणाली. "आमच्याकडचे खांबच मोडलेत, काका. अजून दोन दिवस तरी म्हणतात."

"दोन नाही, चार धर," वायरमन बोलून गेला, आणि तिचा चेहरा बघून त्याने जीभ चावली.

सव्वाचारला त्याचा नंबर लागला. सिलिंडर हातगाडीवर चढला. गोदामवाल्याने हात झटकले. "झाले. आता उद्या."

ती बाई रडलीसुद्धा नाही. नुसती उभी राहिली.

आणि त्याच वेळी रस्त्याच्या कडेचे दिवे लागले. भर दुपारी, उन्हात, फिकट पिवळे. रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. वायरमनने तारा कुठून कुठे जातात ते डोळ्यांनी पाहिलं. ही तीच लाईन, त्याच्या घरापर्यंत जाणारी. त्याने स्वतः ओढलेली. पोरांनी पाचाचे तीन दिवस केले होते! त्याचा ऊर भरून आला. घरी मशीन सुरू झालं असणार. ती आता नळी नीट करत सुनेला म्हणत असणार, तुझ्या सासऱ्यांचा अंदाज चुकला बरं का.

त्याने सिलिंडर बाईच्या सायकलीला बांधायला घेतला.

"काका, तुमच्या घरी?"

"आमच्याकडं लाईट आली. ने तू. जा लवकर."

तिने त्याच्या पायांना हात लावला. तो मागे सरकला. परतीच्या वाटेवर त्याचे पाय हलके झाले होते. चौकातल्या खांबाखाली त्याच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं घामाघूम बसली होती. "काका, सांधा बघा ना कसा झालाय!" त्याने मान वर करून सांधा पाहिला, पाठ थोपटली, त्यांच्याबरोबर अर्धा कप चहा घेतला. देवाने आज एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने द्यायला लावलं, असं त्याला वाटलं, आणि त्याने मनातल्या मनात हात जोडले.

कुलूप त्याच्या ध्यानातच आलं नाही. पस्तीस वर्षांत ते घरच्या पेटीला कधी लागलंच नव्हतं. कामावर आपण कुलूप काढलं की मग लाईट यायची; घरी लाईट आली की ती आलेली असायची.

घरी काय झालं ते सुनेने नंतर सांगितलं.

गल्लीत आरडाओरडा झाला, शेजारचा पंखा फिरू लागला. तिने मशीनचं बटण दाबलं. मशीन गप्प. बाहेर धावली, पेटी बघितली, कुलूप बघितलं, आणि पडवीतून हातोडा आणला.

"नको," खाटेवरून आवाज आला.

"आई, लाईट आलीय. आपल्याच घरी नाहीय. नुसतं हे तोडलं की..."

"त्यांचं कुलूप आहे."

"जनरेटर कधीचा बंद आहे, आई!"

"कुणीतरी वर असेल." एक श्वास. "कुणाचा तरी पोरगा." आणखी एक श्वास. "ते येतील. लाईट दिसली की धावत येतील."

सून हातोडा घेऊन दारात उभी राहिली. शेजारून वीज आणावी तर लांब वायर घरात एकच, ती जनरेटरला जोडलेली, आणि तिलाही सासू हात लावू देईना; सासूला उचलून शेजारी न्यावं तर तेवढा श्वास तिच्यात नव्हता. काट्याकडे बघायची, रस्त्याकडे बघायची. पाच वाजले. सव्वापाच. बेकरीवाला सायकल घेऊन त्याला शोधायला गेला, पण दुसऱ्या रस्त्याने गेला. सासूने तिला जवळ बसवून घेतलं आणि मनगट धरून ठेवलं. ती बोट वर-खाली करत होती. सुनेला वाटलं, दुखतंय काही. मग लक्षात आलं, ती नावं घेत होती. श्वासाला एक.

साडेपाचच्या आधीच काटा शून्यावर टेकला. मनगटावरची पकड सैल झाली तेव्हा सून उठली, आणि चार घावांत तिने कुलूप तोडलं.

वायरमन फाटकाशी आला तेव्हा त्याला मशीनची गुरगुर ऐकू आली. ती ऐकून तो बाहेरूनच म्हणाला, "बघ, दोन दिवस आधी! आता बोल!"

पायरीवर कुलूप पडलं होतं. ते बघून तो थांबला. आत मशीन चालू होतं, नळी नाकाशी होती, आणि नळीतली हवा खोलीत तशीच विरून जात होती.

तो खाटेपाशी खाली बसला. बेकरीवाला दारापर्यंत आला आणि टोपी काढून तिथेच भिंतीला टेकला. शेजारच्या घरी कुणीतरी रेडिओ लावला होता. कुणीतरी जाऊन तो बंद करायला सांगितलं.

"आधीच तोडायला हवं होतं ना, बाबा?" सुनेने विचारलं. हातोडा अजून तिच्या हातात होता.

खोटं बोलणं सोपं होतं. ती लेकीसारखी पोर, तिला जन्मभर हे वागवायचं होतं. पण तिने खरंच विचारलं होतं.

"हो," तो म्हणाला. "तोडायला हवं होतं. वर कुणी असतं तरी त्याला काही झालं नसतं. जनरेटर बंद होता." त्याने तिच्या हातातून हातोडा घेतला आणि खाली ठेवला. "पण ते तुला कुणी सांगितलं नव्हतं, बाळ. सांगायचं काम माझं. तिलाही मी चाळीस वर्षं अर्धंच शिकवलं. हात लावू नको, एवढंच. कधी लावायचा, ते नाही. आणि लाईट दिसल्यावर मी धावलो नाही. चहा पीत बसलो."

सून त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली. तो रडला नाही. त्याने बायकोच्या नाकाची नळी हलक्या हाताने काढली. कानामागे नळीचा वळ उमटला होता, तो अंगठ्याने चोळला, जणू थोड्या वेळात जाईल. देवा, मी दुसऱ्याच्या बापाला श्वास दिला तो तू कुणाकडून घेऊन दिलास, हा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला. त्याने तो विचारला नाही. तिने ज्याचं नाव शेवटपर्यंत घेतलं, त्याच्याशी तिच्या उशाशी बसून भांडायला त्याचं मन धजेना.

सुनेचा फोन वाजला. तीन दिवसांनी पहिल्यांदा. मुलाचा होता. ती फोनकडे बघत राहिली, म्हणून वायरमनने तो उचलला.

"बाबा! लागला एकदाचा! लाईट आली का हो तिकडं?"

"आली."

"पाच दिवस म्हणत होतात की! आईचं मशीन चालू झालं ना?"

वायरमनने मशीनकडे पाहिलं. ते अजून चालूच होतं. बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"बाबा? ऐकू येतंय ना? आईला द्या ना जरा."

"तू आधी बस कुठंतरी," तो म्हणाला. "बसलास का? बस, बाळा."