अमनचा रिमोट

अमन मेल्याची बातमी मांडवीत सगळ्यांना कळली, एक त्याच्या बापाला सोडून.

तसं यासीनचाचाने ठरवलं होतं. त्याच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे अमनच्या बापाच्या, मुसाच्या छातीचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि यासीनचाचा असा माणूस, की डॉक्टरचं एक वाक्य हातात आलं की त्यावर सगळ्या घराला नाचवणार. मशिदीत सांगितलं, मयताचा पुकारा करू नका. शेजारणींना सांगितलं, दारात येऊन रडू नका. राहिली अमनची बायको उझमा. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस इद्दतीत बसायचं, अंगावर दागिना नाही, घराबाहेर पाऊल नाही. ती सासऱ्याच्या डोळ्यांसमोर कशी बसणार? म्हणून तिला रिक्षात घालून पूर्णगडला माहेरी धाडली. मुसाला सांगितलं, तिची आई आजारी आहे. आणि अमन? त्याला कंपनीने समुद्रातल्या तेलाच्या रिगवर टाकलाय, तिथे रेंज नाय.

एका म्हाताऱ्याला कळू नये म्हणून अख्खा मोहल्ला खोटं बोलायला तयार झाला. अमन तिकडे आखातात भर उन्हात पाइपलाइनवर कोसळला, तेव्हा त्याच्या तोंडात पाणी घालायला मात्र कोणाला फुरसत झाली नव्हती. कंपनीने त्याला तिकडेच पुरलं आणि इकडे बॅग पाठवली.

ती बॅग फिजाने घेतली. फिजा अमनची थोरली बहीण, तलाक घेऊन बापाच्या घरी परत आलेली. आई केव्हाच गेली होती, म्हणजे आता घरात बाप आणि ती. खोट्याचं सगळं ओझं तिच्या डोक्यावर. रडायचं असलं की मोरीत जाऊन नळ सोडायचा, मग तोंड धुऊन बापाला पेज द्यायची.

थोड्या दिवसांनी मुसा म्हणाला, "गेम काढ गो."

मुसा बहारीनला टगबोटीवर सारंग होता, बोट चालवायचा, तेव्हा तिथल्या बाजारातून त्याने तो गेम आणलेला. टीव्हीला जोडायचं एक डबडं, वायरीचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटीत खेळ म्हणाल तर एवढाच: खाली मध्यभागी विटांचा किल्ला, वरून शत्रूचे रणगाडे येतात, आपल्या दोघांचे दोन रणगाडे, आणि किल्ला पडू द्यायचा नाही. अमन कमवायला लागल्यावर नवा, काळा चकाचक गेम घेऊन आला होता. त्याला नेट पाहिजे, पासवर्ड पाहिजे, खेळायला बसावं तर आधी तासभर अपडेट. आतली माणसं बोलतात, रडतात, भाषणं देतात. दोन दिवसांत अमननेच तो उचलून माळ्यावर टाकला. "ह्यांची कटकट फार, अब्बा," म्हणाला. त्यानंतर दर सुटीला बापलेक त्या जुन्या डबड्यासमोरच बसायचे. त्यात काही साठून राहत नाही. बंद केला की सगळं पुसलं, उद्या परत पहिल्यापासून. इतक्या वर्षांत त्या गेमचा कंटाळा कोणाला आला नाही, कारण तो कोणाकडून काही मागतच नव्हता.

तर फिजाने डबडं काढलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने कॅसेटीच्या पितळी दातांवर हिरवं चढलं होतं. खोडरबराने घासलं, तेव्हा चित्र आलं. तिने एक रिमोट बापाच्या हातात दिला. दुसरा तिथेच पडून राहिला.

"बघतेस काय? उचल."

"तो अमनचा आहे."

"मग? तो रिगवर आहे ना? बस खाली."

तो रिमोट फिजाच्या हातात कधी आला नव्हता. पोरीने उंबऱ्यावर बसून बघायचं, मध्येच उठून चहा ठेवायचा. कोणी बंदी घातली नव्हती, पण कोणी दिलाही नव्हता, आणि पोरींच्या बाबतीत ह्या दोन गोष्टींत काडीचा फरक नसतो.

पहिल्या दिवशी बापाचीच गोळी तिला सारखी लागत होती.

"अब्बा, तुम्ही मलाच मारताय."

"मधे येतेस तर काय करू? किल्ला सोडून कुठे चाललीस? बाजार भरलाय काय तिथे?"

मग रोज दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर दोघं बसायला लागली. फिजाचा हात बसला. बाप डावी बाजू धरायचा, ती उजवी. "हाय तिकडे, हाय तिकडे, हाण," असं मुसा ओरडायचा आणि एखादा कठीण टप्पा पार झाला की तिच्या पाठीत धपका घालायचा. असा धपका तिने आजवर फक्त अमनच्या पाठीत पडताना पाहिला होता. तिला आनंद व्हायचा. खरा, पोटातून यावा तसा आनंद. आणि तो झाला की ती मोरीत जाऊन नळ सोडायची. भाऊ मातीत गेला म्हणून मला त्याची जागा मिळाली, आणि मी हसतेय. असली कसली मी बहीण?

उझमाची इद्दत संपत आली, तशी फिजाने यासीनचाचाला गाठलं.

"आता मी सांगणार."

"सांग. भाईला काय झालं तर तुझ्या माथी."

"माझ्याच माथी आहे सगळं. तुम्ही ठरवून घरी जाता चाचा, त्यांच्यासमोर रोज मी बसते. आणि उझमा परत आली की काय सांगणार आहात तुम्ही?"

"अजून महिनाभर ठेवू तिला तिकडे."

"ती काय पेटी आहे, ठेवायला?"

चाचाने चप्पल घातली आणि निघून गेला. असल्या माणसांना अशा वेळी नेमकं काहीतरी काम आठवतं.

तो शुक्रवार होता. असर झाली. फिजाने गेम लावला. पहिला टप्पा झाला की सांगायचं, असं तिने मनात धरलं. पहिला झाला, दुसरा झाला, तिसराही. चौथ्यात मुसाने पडद्यावरची नजर न काढता विचारलं,

"उझमाची इद्दत संपली ना?"

फिजाने बटणं सोडून त्याच्याकडे पाहिलं. शत्रूचा एक रणगाडा सरळ खाली आला आणि किल्ला फुटला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? सगळ्यांच्या तोंडाला यासीनने बूच मारलं होतं." मुसाने रिमोट मांडीवर ठेवला. "ती रिक्षात बसली तेव्हा मी खिडकीत होतो. हात मोकळे होते तिचे. आईला बघायला जाणारी बाई बांगड्या उतरवून जाते काय गो?"

"म्हणजे त्याच दिवसापासून..."

"त्याच दिवसापासून. आणि वर तुम्ही इद्दतीतल्या बाईला नवऱ्याच्या घरातून बाहेर काढलीत. ती इथे बसायची, ह्या घरात. माझ्या छातीच्या नावाने तिचं रडणंसुद्धा परक्या दारात नेऊन टाकलंत."

"मग तुम्ही गप्प का बसलात?" फिजाचा आवाज चढला. चार महिन्यांचं सगळं वर आलं होतं. "मी मोरीत जाऊन रडत होते अब्बा. तुम्हाला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"आणि तरी तुम्ही म्हणायचात, गेम लाव?"

मुसाने मांडीवरच्या रिमोटची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मी तोंड उघडलं असतं तर माणसं जमली असती. सब्र करा, सब्र करा म्हणाली असती. खेळताना कोणी तसं म्हणत नव्हतं. माझ्यात दम नव्हता. बस."

फिजाला त्याला घट्ट धरावंसं वाटलं आणि त्याच्यावर ओरडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. टीव्हीवर गेम संपल्याची अक्षरं लुकलुकत होती.

"मातीला कोण होतं?" मुसाने विचारलं.

"त्याच्या खोलीवरचा एक पोरगा होता. हर्ण्याचा. रितेश."

"आपल्यातलं कोणी नव्हतं?"

"तो होता."

मुसाने मान हलवली. "लाव त्याला फोन."

आखातात शुक्रवारची सुटी, रितेशने लगेच उचलला. फिजाने फोन मोठ्या आवाजावर टाकून बापासमोर धरला. मुसाने आधी त्याच्या घरच्यांची विचारपूस केली, होडी आहे का, मासळी कशी आहे. मग म्हणाला, "माती तू दिलीस?"

"हो चाचा. तिथल्या लोकांनी पुढे बोलावलं, म्हणाले तूच जवळचा. मी दिली."

"अल्ला तुझं भलं करो." मुसा फोनजवळ सरकला. "एक विचारतो. उंच होता तो. पोटातून आला तेव्हापासून लांबुडका. कधी पांघरूण पुरलं नाही त्याला, पाय बाहेर राहायचे. कफनात पाय नीट झाकले होते ना?"

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन तुटला की काय, म्हणून फिजाने बघितलं. चालू होता.

"झाकलेले चाचा," रितेश म्हणाला. "नीट झाकलेले."

फिजाने बापाकडे पाहिलं. रिकाम्या हातांवरून सगळं ओळखणारा तो माणूस. त्याला रितेशचं ते थांबणं ऐकू आलं नाही, असं कसं होईल?

"बरं झालं," मुसा म्हणाला. "बरं झालं बाबा." आणि मग तो रडायला लागला, मोठ्याने, शेजारपाजाराला ऐकू जाईल असा.

फिजाने उठून दार सताड उघडलं.