रिकाम्या लॉरीच्या कमानी

नेसरीला माझी थोरली बहीण, आक्का, पाय मोडून पडली होती. तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणायला गाडी म्हणाल तर शेजारच्या कुतुबुद्दीनची लॉरी, आणि ती सकाळपासून त्याच्या अंगणात मागची चाकं काढून ठोकळ्यांवर उभी. शाहू महाराजांच्या अमदानीत आमच्याकडे मोटारी थोड्या, त्याही बहुतेक दरबारच्या. ही जर्मन लढाईवरून आलेली, लिलावातली. गूळ वाहून वाहून तिच्या मागच्या, चाकांचे धक्के झेलणाऱ्या कमानींचे लोखंडी पाटे तुटले होते.

मी सारखा कुंपणाशी जात होतो. नेसरीच्या वैद्यानं आक्काच्या मांडीला फळ्या बांधून निरोप धाडला होता, हाड हलू देऊ नका, हललं तर पाय गेला. बैलगाडीचा प्रवास तिला सोसण्यासारखा नव्हता.

"मास्तर, वहाणा झिजतील तुमच्या," कुतुबुद्दीन गाडीखालून ओरडला. "बसा की जरा!"

"अजून किती वेळ?" मी विचारलं, आणि उगाच विचारलं असं वाटलं.

लोहाराकडून करून आणलेल्या कमानी तो बसवत होता. पाट्यांच्या थराला एक पाटा जास्तीचा दिसला.

"हा कशाला?"

"आक्कांसाठी हाय, कसर नको. आता हत्ती बसला तरी दबायची न्हाय!"

दबणार नाही, तर धक्का जाणार कुठे? याच लॉरीतून मी कागलला रिकामा गेलो तेव्हा दात वाजले होते आणि गुळाच्या ढेपांसोबत परतताना डोळा लागला होता. पण ज्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यानं दिवसभर राबणाऱ्याला काय सांगावं? मी घरात गेलो. पुस्तक उघडलं, मिटलं. पुन्हा कुंपणाशी आलो.

चाकं चढल्यावर कुतुबुद्दीननं मला मागं बसवून गल्लीत एक फेरी मारली. दगडावरून चाक गेलं आणि मी फळीवरून उडालो.

"कसं वाटलं?"

"बरं आहे," मी म्हणालो.

त्याची बायको हाफिजा दारातूनच म्हणाली, "बरं कसलं? टोपी तिकडं गटारात पडलीया मास्तरांची!"

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "कुतुबभाई, कमान फार कडक झाली. आक्काचं हाड... तो पाटा काढता येईल का?"

त्याचा चेहरा उतरला. "लोहारानं रिबिटा मारून पाटे जखडल्यात. काढायच्या म्हंजे उद्याचा दिवस जातोय."

उद्या! तोवर आक्का तशीच पडून राहणार.

"मग ओझं घाला. भरलेली गाडी धक्का देत नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला मोठा वाटला.

"आक्कांच्या उशाला ढेपा रचू व्हय? एखादी अंगावर आली म्हंजे?"

हाफिजा समोरच्या तालमीकडे बघत होती. तिथे पैलवान अंगाला माती लावून बसले होते. "ओझं काय, ते बघा की फुकट पडलंय."

कुतुबुद्दीन तालमीकडे वळून हसत ओरडला, "सयाजीऽ, नेसरीला येता का समदे? नुसतं बसायचं हाय!"

"जेवाण हाय का?" तिकडून उत्तर आलं.

"मास्तर घालतील!"

गाडीत पैलवान खच्चून बसले तशी कमान खाली आली. सबंध रस्ता मी प्रत्येक खड्ड्याशी श्वास धरत होतो. उतारावर गाडी हेलकावली तेव्हा तर मला वाटलं, आपण चुकीचं सांगितलं, आता सगळ्यांसमोर हे उघडं पडणार.

नेसरीला पैलवानांनी आक्काला बाजेसकट अलगद उचलून गाडीत ठेवलं आणि ते बाजेच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीनं बसले. गाडी निघाली. पहिल्या खड्ड्यात चाक गेलं. गाडी संथपणे दबली आणि वर आली. मी आक्काच्या तोंडाकडे टक लावून होतो.

"काय बघतोस?" ती डाफरली. "ह्या रेड्यांच्या घामाचा वास मारतोय नुसता."

"त्यांना उतरवू?"

"उतरवशील तर बघ! बसू दे मुडद्यांस्नी दवाखान्यापतूर."